पालीचे मास्तर

कोसंबी हे नाव गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते ठाऊक आहे ते बहुतेक दामोदर कोसंबींमुळे. २००८ सालापासून त्यांच्या नावाने पणजीत व्याख्यानांचा महोत्सव भरू लागला आणि गणिती, इतिहासकार, नाणेशास्त्रज्ञ अशी त्यांची ओळख घरोघरी पोचली. ते चांगलेच झाले. पण त्यांचे वडील धर्मानंद यांच्याबद्दल विचारले, तर आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, ते घर सोडून गेले आणि बौद्ध पंडित झाले. दुसरी, त्यांनी 'भगवान बुद्ध' लिहिले. ते आयुष्याचा मोठा भाग मास्तर होते, हे कोणी सांगत नाही.

मी इतिहास शिकवण्यात तीसेक वर्षे घालवली. मोजक्या विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मार्गदर्शनही केले. या धंद्यात नेमके काय कमवायचे असते, असा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. पगार, बढती, विभागप्रमुखपद, समित्यांवरच्या नेमणुका हे सगळे असतेच, पण निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यातले काही उरत नाही. मग उरते काय? या प्रश्नाशी झटापट करताना मी पुन्हा पुन्हा धर्मानंदांचे 'निवेदन' उघडले आहे. १९२४ साली पुस्तकरूपाने आलेले हे आत्मचरित्र बहुतेक लोक साहसकथेसारखे वाचतात. मी ते एका शिक्षकाच्या घडणीची हकीकत म्हणून वाचतो. आज लिहायचे आहे ते त्याबद्दल.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, मुरगाव तालुक्यातल्या साखवाळचा. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात त्या काळी हिंदू घरातल्या मुलाला पुढे शिकायचे तर वाट कोणती होती? पणजीचे लिसेव होते, मेडिकल स्कूल होते, पण त्यांचे दार पोर्तुगीज भाषेतून उघडत असे. घरात कोकणी बोलणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या मुलाचे शिक्षण गावच्या मास्तरापाशी सुरू होऊन तिथेच संपायचे. धर्मानंदांचेही तसेच झाले. पुढे माडांचे भाट सांभाळणे आणि संसार करणे एवढेच दिसत होते. अशात 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. मुलांसाठी काढलेल्या मासिकातला तो लेख! पण त्या लेखाने या माणसाला उठवले. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, एवढे एकच खूळ डोक्यात घेऊन १८९९ च्या अखेरीस ते पुण्याला निघाले. वय तेवीस. घरी पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी.

पुण्यात ते डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार मिळाला. पण बुद्धाचा धर्म शिकायचा तर पाली हवी, आणि पालीआधी संस्कृत हवे. म्हणून ग्वाल्हेर मार्गे काशी. तिथे अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांपाशी व्याकरण. मग नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांची पाली सुरू झाली. श्रामणेराची दीक्षाही तिथलीच. पुढे ब्रह्मदेश.

मार्गदर्शन मागायला येणाऱ्या मुलांना मी हा प्रवास नकाशावर बोट ठेवून दाखवत असे. हल्ली एका संगणकावर सारा त्रिपिटक मिळतो, म्हणून त्यांना त्या धडपडीची कल्पना येत नाही. त्या काळी पाली ग्रंथ सिंहली लिपीत होते, ब्रह्मी लिपीत होते, सयामी लिपीत होते. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ पासून रोमन लिपीत छापत होती. नागरीत मात्र जवळजवळ काही नव्हते. म्हणजे ज्या देशात बुद्ध हिंडला, तिथल्या वाचकाला त्याचे शब्द वाचायचे तर आधी परक्या देशाची लिपी शिकायची! धर्मानंदांनी त्या लिप्या शिकल्या. पदवी मात्र एकही घेतली नाही. आजच्या नियमांत बसवले तर नेट-सेट राहू द्या, मुलाखतीचे पत्रसुद्धा त्यांना गेले नसते.

या भटकंतीनंतर १९०६ च्या सुमारास ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तिथल्या विद्यापीठात आशुतोष मुखर्जींसारखा द्रष्टा माणूस होता आणि पालीला मान होता. इथे त्यांच्या आयुष्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि बडोदे संस्थानासाठी दरवर्षी एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यात थांबले असते तर दरमहा २५० रुपये होते. त्यांनी ५० घेतले.

हा त्याग म्हणून सांगितला की ऐकणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. म्हणून त्यामागचा हिशेब पाहू. कलकत्त्यात पाली शिकवणारे इतर लोक मिळाले असते. मराठी मुलखात कोणीच नव्हते. मराठीत बुद्धावर मूळ ग्रंथांच्या आधाराने लिहिलेले पुस्तक नव्हते. ज्या मासिकातल्या लेखाने त्यांना घराबाहेर काढले, त्यापुढचे पान मराठीत कोणी लिहिलेच नव्हते. ते लिहायचे आणि ते वाचणारे तयार करायचे, हे काम पुण्या-मुंबईत बसल्याशिवाय होणारे नव्हते. मोठ्या पगाराची जागा आणि ज्या जागी आपली खरी गरज आहे ती जागा, या दोन वेगळ्या असू शकतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे आयुष्यात एकदा तरी ठरवावे लागते. बहुतेक जण कुठली जागा धरतात ते मी पाहिले आहे. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. घर सर्वांनाच असते.

१९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' निघाले. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली. पण अभ्यासक्रमात नाव आले म्हणून विषय उभा राहत नाही. पुस्तके लागतात, शिकवणारा लागतो आणि मुख्य म्हणजे शिकायला तयार असलेली पोरे लागतात. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पालीला मुलांची गर्दी होण्याचे कारणच नव्हते. संस्कृत सोडून पाली घेणारा मुलगा म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने थोडा वाट चुकलेलाच!

आता त्या सहा वर्षांचा जमाखर्च मांडतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत तीन नावे ठळक आहेत. चिं. वै. राजवाडे बडोद्याला पाली शिकवू लागले आणि त्यांनी दीघनिकायाच्या मराठी भाषांतराचे काम केले. ना. के. भागवतांनी मुंबईत पाली शिकवली आणि मुंबई विद्यापीठासाठी पाली ग्रंथ नागरीत संपादित केले. तिसरे पु. वि. बापट. ते फर्ग्युसनमध्येच पालीचे प्राध्यापक झाले. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ मूळ पालीत हरवला आहे, तो चिनी भाषांतरात उरला. बापटांनी त्याची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करून १९३७ साली ग्रंथ छापला. १९५६ साली बुद्धजयंतीच्या निमित्ताने भारत सरकारने काढलेल्या 'बौद्ध धर्माची २५०० वर्षे' या अर्थाच्या इंग्रजी ग्रंथाचे संपादक तेच. पुढे दिल्ली विद्यापीठातल्या बौद्ध विद्येच्या विभागाशी त्यांचे नाव जोडले गेले.

म्हणजे सहा वर्षांत बडोदे, मुंबई आणि पुणे अशा तीन ठिकाणी पाली शिकवणारी माणसे उभी राहिली. मी तीस वर्षांत किती विद्यार्थी 'काढले' असे कोणी विचारले, तर मला आकडा सांगता येईल. पण त्यांतल्या किती जणांनी पुढे दुसऱ्याला तो विषय शिकवला, असे विचारले तर आकडा एकदम खाली येतो. हा दुसरा आकडाच खरा, असे मला वाटत आले आहे. बापटांनी ज्या दिशेने काम केले तीही पाहण्यासारखी आहे. गुरू पालीचा, पण शिष्य चिनीकडे वळला. गुरूला जी भाषा येत नाही तिच्यात शिष्य शिरतो, तेव्हा गुरूचे शिकवणे फळाला आले असे समजावे.

आता या हकीकतीचा कडू भाग.

हेन्री क्लार्क वॉरन हा अमेरिकन गृहस्थ. बालपणीच्या अपघाताने त्याच्या पाठीचा कणा कायमचा दुखावला होता. तशा शरीराने तो पाली शिकला आणि बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'ची चिकित्सक आवृत्ती करायला बसला. पाचव्या शतकात सिलोनात रचलेला हा ग्रंथ थेरवादी बौद्धांचा आधारस्तंभ. शील, समाधी आणि प्रज्ञा अशी त्याची मांडणी, २३ प्रकरणे. काम अर्धवट सोडून वॉरन १८९९ साली वारला. हार्वर्डचे संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन हे वॉरनचे गुरू. दोघांनी मिळून हार्वर्ड ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला सुरू केली होती. आपल्या मेलेल्या शिष्याचे काम पुरे करायचे म्हणून लॅनमन पालीचा जाणकार शोधत होते. हार्वर्डचेच जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांना धर्मानंद भेटले आणि १९१० साली साखवाळचा हा माणूस अमेरिकेला गेला.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहायचे. ब्रह्मी पोथीत एक, सिंहली पोथीत दुसरे, तर मूळ कुठले असावे ते ठरवायचे. बुद्धघोषाने त्रिपिटकातून घेतलेली वचने कुठली ती हुडकून काढायची. डोळे फोडणारे काम. दीड-दोन वर्षे ते केल्यावर प्रश्न आला की संपादक म्हणून कोणाचे नाव छापायचे? लॅनमनना वॉरनचे नाव हवे होते आणि धर्मानंदांना मदतनिसाच्या जागी ठेवायचे होते. धर्मानंदांना ते मान्य झाले नाही. १९१२ साली काम अपुरे टाकून ते परतले.

या भांडणात लॅनमनना खलनायक करणे सोपे आहे. पण मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसलेल्याला दुसरी बाजूही दिसते. तो माणूस स्वतःचे नाव पुढे ढकलत नव्हता. आपल्या दुर्दैवी शिष्याचे नाव जपत होता. ही निष्ठा खोटी नव्हती. चूक एवढीच की मेलेल्या शिष्याचे ऋण फेडताना समोर जिवंत बसलेल्या विद्वानाच्या श्रमाचे मोल त्यांनी कमी धरले. काळा माणूस, पदवी नाही, राज्य परक्यांचे, या गोष्टींचा त्यात वाटा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

काम मात्र त्यांना सुटले नाही. १९१८ ते २२, पुन्हा १९२६-२७, पुन्हा १९३१-३२ अशा फेऱ्या त्यांनी हार्वर्डला केल्या आणि ती आवृत्ती हातावेगळी केली. ती छापून निघाली १९५० साली. धर्मानंद ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला वारले होते. लॅनमन त्याआधीच गेले होते. मुखपृष्ठावर संपादक वॉरन आणि संशोधन धर्मानंद कोसंबी, अशी दोन्ही नावे आहेत. पण ती पाहायला दोघांतला कोणीच उरला नव्हता.

दरम्यान धर्मानंदांनी आणखी एक गोष्ट केली. ती मला फार आवडते. १९४० साली त्यांनी 'विसुद्धिमग्गा'ची स्वतःची आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून काढली, आणि ती नागरी लिपीत! म्हणजे नावाचा वाद तिकडे राहिला आणि इकडच्या विद्यार्थ्याच्या हातात ग्रंथ पडला.

हे इतक्या विस्ताराने सांगायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने देवळांच्या दफ्तरातले मोडी कागद वाचून त्यांची सूची केली. दोन वर्षे धूळ खाल्ली. ज्या संस्थेसाठी ते काम होते, तिथून सूची छापून आली ती एका पदाधिकाऱ्याच्या नावाने. हिचे नाव आभाराच्या यादीत, चौथे. ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, फक्त संशोधन सोडते म्हणत होती. मी संस्थेला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. मग मी तिला धर्मानंदांची ही हकीकत सांगितली. तुझ्या टाचणवह्या तुझ्याकडे आहेत, मोडी वाचणारे डोळे तुझ्याकडे आहेत, सूची म्हणजे नुसती यादी, त्या कागदांचा अर्थ लावणारा प्रबंध लिही, तो तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही, असे म्हटले. तिने तो लिहिला. आज ती स्वतः शिकवते. झालेला अन्याय त्यामुळे पुसला गेला असे मी म्हणणार नाही.

हल्ली शिक्षकांच्या बढतीला गुण मोजतात. किती निबंध छापले त्यावर गुण. त्यामुळे विद्यार्थ्याच्या निबंधावर मार्गदर्शकाचे नाव लागणे ही रीतच होऊन बसली आहे. विज्ञानात एकत्र प्रयोग होतात, तिथली गोष्ट वेगळी असेल. पण इतिहासात विद्यार्थी चार महिने दफ्तरखान्यात बसतो आणि मार्गदर्शक स्वल्पविराम सुधारतो, एवढ्यावर नाव? मी माझ्यापुरता नियम केला होता की ज्याने कागद वाचला त्याचे नाव. त्याने माझे काही बिघडले नाही.

धर्मानंदांचे नुसते गुणगान करून थांबणे मात्र बरोबर होणार नाही. या विद्येची किंमत कोणी दिली? बाळाबाईंनी. नवरा निघून गेला तेव्हा पदरात मूल. त्या काळच्या साखवाळात अशा बाईला काय काय ऐकावे लागले असेल, ते कल्पनेनेच जाणावे. १९१८ साली ते अमेरिकेला गेले तेव्हा माणिक आणि दामोदर या दोन मोठ्या मुलांना बरोबर नेले. माणिक तिकडच्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. एका गोमंतकीय मुलीसाठी त्या काळी ही केवढी गोष्ट! पण धाकट्या दोन मुलींना घेऊन इकडे राहिल्या त्या बाळाबाईच. विद्वानांच्या चरित्रांत अशा बायका दोन ओळींत येतात. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव हवे असा वाद घालताना, जिचे नाव कुठल्याच पानावर नाही तिची आठवण ठेवलेली बरी.

फर्ग्युसननंतरही धर्मानंद एका जागी टिकले नाहीत. १९२२ पासून काही वर्षे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात, १९२९ साली रशियात लेनिनग्राडला, १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात आणि तुरुंगात. १९३७ साली मुंबईत परळला, गिरणगावात त्यांनी बहुजन विहार उभारला. पाली कॉलेजातून कामगारांच्या वस्तीपर्यंत नेणारा दुसरा प्राध्यापक मला माहीत नाही. शेवटी जगण्यात अर्थ उरला नाही असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली.

आता एक छोटीशी गोष्ट, जी ग्रंथालयात उभे राहून कोणालाही पाहता येईल. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१ वा खंड म्हणजे वॉरन आणि धर्मानंदांचा 'विसुद्धिमग्ग', १९५०. त्याच मालेचा लगेच पुढचा, ४२ वा खंड म्हणजे विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश', १९५७. त्याचे संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले. बापाचा खंड आणि मुलाचा खंड फळीवर शेजारी शेजारी. बापाला ज्या मालेत आपल्या नावासाठी भांडावे लागले, तिथे मुलाच्या नावापुढे सहकाऱ्याचेही नाव उजळ छापलेले आहे. या दामोदर कोसंबींचा स्वभाव तिखट म्हणून प्रसिद्ध होता. शिक्षक म्हणून ते सर्वांना झेपले नाहीत. पण श्रमाचे नाव ज्याचे त्याला, हा धडा घरात गिरवलेला असावा.

गोव्यात आज स्वतःचे विद्यापीठ आहे. १९८५ साली ते सुरू झाले. मराठी शिकायला, इतिहास शिकायला साखवाळच्या मुलाला आता काशीला जावे लागत नाही. बसने ताळगावच्या पठारावर गेले की झाले. मग त्या मुलाला काय द्यायचे, हा प्रश्न आम्हा शिक्षकांचा. माझे उत्तर साधे आहे. त्याला मूळ साधनापर्यंत पोचवावे, तिथे त्याच्या हाती सापडेल ते त्याच्या नावावर राहू द्यावे, आणि तो आपल्याला न येणाऱ्या भाषेत शिरू लागला तर वाट सोडून बाजूला व्हावे. पालीच्या या मास्तरांनी सहा वर्षांत तेवढेच केले होते.

'निवेदन' मिळाले तर जरूर वाचा. मीरा कोसंबी यांनी, म्हणजे धर्मानंदांच्या नातीने, त्याचा इंग्रजी अनुवादही केला आहे. पण ज्यांना मराठी येते त्यांनी मराठीतूनच वाचावे. कलकत्त्याचे २५० रुपये नाकारून तो माणूस त्यासाठीच इकडे आला होता.